गाडीभर कडबा

ज्या कडब्यापायी माझ्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, शिक्षा झाली, त्याच्या पेंढ्या मी बांधल्या होत्या. फाल्गुनात दादर कापली, कणसं खुडली, आणि उरलेली ताटं मी आणि माझ्या जावेने उन्हात बसून आवळली. दादर म्हणजे आमच्याकडची थंडीतली ज्वारी. तिचा कडबा गोड असतो. पुढ्यात दोन चारे टाकले तर बैल दुसरा तोंडाने बाजूला सारतात आणि आधी दादरचा खातात. पेंढ्या बांधताना पात्यांनी हात चिरतात आणि घाम लागला की झोंबतात. त्या चिरलेल्या हातांनी बांधलेला कडबा कोर्टात पुरावा झाला. निकालात त्याला "आरोपीच्या मनातील अपराधाची भावना दर्शविणारे वर्तन" असं नाव पडलं.

मी चौथीपर्यंत शिकले आहे. वाचता येतं, लिहिता येतं, चारचौघांत बोलता मात्र येत नाही. बोलायची वेळ आली की हात आपोआप पदराकडे जातो. लोक म्हणतात, बाई गरीब आहे. गरीब वगैरे काही नाही. जे तोंडातून निघालं नाही ते आत साचून राहिलं आहे, ते इथे लिहिते. हे कुणाला दाखवायचं नाही.

आमचं गाव पारोळ्याकडचं. गावाबाहेर सगळ्यांची खळी आहेत. पिकाची मळणी तिथेच, चाऱ्याच्या गंज्या तिथेच, गुरंही तिथेच बांधायची. आमच्या खळ्यावर जायला एकच वाट, आणि ती नानांच्या खळ्याला घासून जाते. नाना म्हणजे आमचे शेजारी. घरही शेजारी आणि खळंही शेजारी. त्यांच्या बायकोला मी नानी म्हणते. उन्हाळ्यात आम्ही दोघी मिळून बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायचो, तिच्या गच्चीवर एकाच साडीवर वाळत घालायचो. माझे किती नि तिचे किती हे कधी वेगळं काढलं नाही.

त्या वर्षी आमच्या ट्रॅक्टरच्या चाकाखाली नानांचा वाटेतला पाण्याचा पाइप फुटला. मालकांनी नवा आणून देतो म्हटलं. नानांनी ऐकलं नाही, वाटेत दगड टाकले. दोन दिवस आमचं ट्रॅक्टर आत जाईना. तिसऱ्या दिवशी चौकात दोघांची जुंपली. नाना म्हणाले, "वाट माझ्या बापाची आहे." मालक म्हणाले, "आग लागो तुमच्या खळ्याला!" चौकात निम्मं गाव होतं. सगळ्यांनी ऐकलं.

आता हे "आग लागो" कोर्टात धमकी ठरलं. आमच्याकडे कोण कशाला आग लागो म्हणत नाही? दूध उतू गेलं की मी म्हणते. लाइट गेली की म्हणते. माझी सासू टीव्हीतल्या सुनांना रोज म्हणायची. त्या हिशेबाने माझ्या सासूला जन्मठेपच व्हायला हवी होती.

त्यानंतर काही दिवसांनी, दिवेलागणीच्या वेळी, नानांची गंजी पेटली. सगळं गाव धावलं. कुणी फवारणीचे पंप पाण्याने भरून आणले, कुणी टँकर आणला. मालकांनी आमच्या खळ्यावरचा पाण्याचा ड्रम रिकामा केला आणि नानांचे बैल सोडून बाहेर काढले. त्यात मालकांच्या भुवया जळाल्या. बैल वाचले. गंजीची नुसती राख झाली.

आग कशाने लागली ते मला माहीत नाही. इथे खोटं लिहिणार नाही. त्या गंजीवरून विजेच्या तारा गेल्या आहेत, त्या लोंबतात आणि वाऱ्याने एकमेकींवर आपटल्या की ठिणग्या पडतात. वायरमनला गावाने कितीदा सांगितलं होतं. पण त्या दिवशी ठिणगी पडली का, हे मी पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही. ज्यांनी मालकांना दोषी धरलं त्यांनीही पाहिलं नाही.

आमच्या गावात कुणाची गंजी जळाली की दुसऱ्या दिवशी सकाळी घराघरातून पेंढ्या निघतात. कुणी सांगायला येत नाही, कुणी मागत नाही. डोक्यावरून, सायकलवरून, मोटारसायकलीला बांधून न्यायच्या, त्याच्या खळ्यावर टाकायच्या आणि न बोलता परत यायचं. त्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही. तो चारा परत द्यायचा नसतो आणि परत घ्यायचाही नसतो. पुढे ज्याची जळेल त्याला द्यायचा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे बघते आहे. माझं माहेर धुळ्याकडचं, तिकडेही असंच.

बहुतेक घरांनी चार-पाच पेंढ्या दिल्या. मालकांनी बैलगाडी जुंपली.

मी म्हटलं, "अहो, भांडण ताजं शे. थोडा द्या. गाडीभर कसाले?"

ते म्हणाले, "भांडण नानाशी शे. बैलेसशी थोडंच शे?"

त्या बैलांचं आमच्यावर ऋण होतं. मागे ऐन पेरणीत आमचा एक बैल मेला, तेव्हा नानांनी न मागता आपली जोडी आमच्या शेतात घातली होती. मालक ते विसरले नव्हते. त्यांनी पेंढ्या मोजल्या नाहीत, गाडी भरेपर्यंत टाकत राहिले. नानांच्या खळ्यावर नेऊन उतरवल्या. नाना बाजेवर बसून होते, त्यांनी मान वर केली नाही. नानी म्हणाली, "इतला कसाले आना, भाऊ?" मालक म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, वैनी," आणि परत आले.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. नानांची लेकही सुरतेहून आली, सोबत जावई. मी मागच्या दारी पाणी भरत होते आणि त्यांच्या ओट्यावरचं सगळं ऐकू येत होतं.

जावई म्हणाला, "मामा, एवढा चारा कोण फुकट देतं? आमच्या सुरतेत कामाशिवाय कुणी चहा पाजत नाही."

नाना म्हणाले, "तसं नही, जावईबापू. आमना गावनी रीत शे."

"रीत चार पेंढ्यांची. गाडीची रीत कुठं असते? ज्यानं जाळलं त्यानंच भरून दिलं, दुसरं काय?"

मी घागर हातात धरून वाट बघत होते की आता बोलतील, आता म्हणतील, "चूप बस, त्याने माझे बैल काढले." ते बोललेच नाहीत. जावई आहेराचे कपडे घालून, पान खाऊन, आखाजीची पुरणपोळी जेवून दोन दिवसांनी सुरतेला निघून गेला. पण जाताना आमच्या घरात जाळ टाकून गेला. त्या आठवड्यात नानांनी पोलिसांत फिर्याद दिली. तेव्हा आम्ही दिलेला कडबा अजून संपला नव्हता. सकाळी त्यांचे बैल माझ्या हातच्या पेंढ्या खात होते, आणि दुपारी पोलीस माझ्या मालकांना घेऊन गेले.

घरातून डिझेलचा कॅन नेला. पाण्याच्या इंजिनाला लागतो तो. अशा कॅनशिवाय आमच्या गावात घर सापडणार नाही. तो तपासायला पाठवला की नाही, कुणी सांगितलं नाही. पंच म्हणून ज्याने सही केली तो आमच्या घरी आलाच नव्हता, त्याने पोलीस ठाण्यात बसून सही केली. नानांच्या पुतण्याने साक्ष दिली की दिवेलागणीच्या आधी त्याने मालकांना खळ्याच्या वाटेवरून येताना पाहिलं. पाहिलं असेल. ते रोज त्याच वेळी गुरं बांधून त्याच वाटेने येतात. दुसरी वाट आहे कुठे?

तालुक्याच्या कोर्टात खटला चालला. उन्हाळे गेले, पावसाळे गेले, तारखा पडत राहिल्या. आमचे वकील म्हणाले, "गावातली दोन माणसं आणा. त्यांनी एवढंच सांगायचं, आम्हीही चारा दिला, आमच्याकडे तशी पद्धत आहे." मालक घरोघर फिरले. लोकांची उत्तरं मी त्यांच्याच तोंडून ऐकायची. ते परत येऊन सांगायचे, तेव्हा हसायचे. मला हसू येत नव्हतं.

एक जण म्हणाला, "मी कुठं दिला? पाच पेंढ्या म्हणजे काय देणं झालं?"

दुसरा म्हणाला, "माझ्या पोरानं टाकल्या असतील. मी त्या दिवशी जामनेरला होतो, साल्याकडे."

आमच्याच भाऊबंदातले एक आबा, ज्यांना सगळं गाव मानतं, ते म्हणाले, "अरे, तुझ्या गाडीमुळं आमच्या पेंढ्यांवर आळ आला. आता आम्ही पण आगलावे ठरायचं का?"

वकिलांना मी विचारलं होतं, म्हणजे मालकांकडून विचारायला लावलं होतं, मी साक्ष देऊ का? पेंढ्या मी बांधल्या, गाडी भरताना मी होते. वकील म्हणाले, "घरच्या बाईच्या साक्षीला कोर्ट किंमत देत नाही. आणि वहिनींना आवाज तरी आहे का?" दोघं हसले. मीही पदराआड हसल्यासारखं केलं. तो राग अजून माझ्याकडे जसाच्या तसा आहे.

पण नानांची उलटतपासणी झाली त्या दिवशी मी कोर्टात होते. मागच्या बाकावर, भिंतीला टेकून. नाना पांढरे कपडे घालून आले होते आणि सकाळपासून अगदी शुद्ध, पुस्तकी मराठीत बोलत होते. आमच्या वकिलांनी विचारलं, "गंजी जळाल्यावर गावातल्या इतर लोकांनीही तुम्हाला चारा दिला, बरोबर?"

नाना गडबडले. आणि त्यांच्या तोंडून खरं निघून गेलं, घरात निघतं तसं. "हो. दिधा ना बठ्ठा गावनी."

जजसाहेबांनी ते नीट मराठीत सांगितलं आणि लिहून घेतलं गेलं. मी ऐकलं. माझ्या कानांनी ऐकलं. मला वाटलं, झालं. फिर्याद देणाराच म्हणाला की सगळ्या गावाने दिला. आता काय राहिलं?

निकालात ते वाक्य कुठेच नव्हतं. होतं ते असं, की आरोपीचे फिर्यादीशी वैर होते, त्याने धमकी दिली होती, त्याला घटनास्थळाजवळ पाहिले होते, आणि वैर असूनही त्याने मोठ्या प्रमाणात चारा दिला, यावरून त्याचा अपराध दिसतो. दोन वर्षांची शिक्षा. मालक पिंजऱ्यात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाणी पिण्याची खूण केली, म्हणजे तहान लागली आहे. एवढंच.

मी त्या दिवसापासून एकच प्रश्न विचारते आहे. स्वतःला विचारते, कारण दुसऱ्या कुणाला विचारायची सोय नाही. किती पेंढ्या दिल्या असत्या तर ते निर्दोष होते? पाच? पाच देणारा निर्दोष, तर मग दहा देणारा कोण? काहीच दिलं नसतं तर कोर्ट म्हणालं असतं, बघा, सगळ्या गावाने दिला, यानेच नाही दिला, याच्या मनात काळं आहे. दिला तरी गुन्हेगार, नाही दिला तरी गुन्हेगार. मग माणसाने उभं तरी कुठे राहायचं?

शिक्षा झाली त्याच दिवशी जामीन मिळाला, अपील करण्यापुरता. मालक घरी आले. पण घरी आले म्हणजे काय? मी गिरणीत दळण घेऊन गेले तर एक बाई दुसरीला म्हणाली, "काडीपेटी उचल वं माय, आगलाव्यांचं दळण आलं." सगळ्या हसल्या. त्यांत नानी होती. ती हसली नाही, पण गप्पही बसवलं नाही तिने कुणाला. मी पीठ घेतलं आणि आले. वाटेत मला इतकी उत्तरं सुचली की गिरणीचा पट्टा तुटला असता. घरी पोहोचले तोवर सगळी संपली होती. त्या उन्हाळ्यात मी बिबडे केले नाहीत.

अपिलाची फाइल जळगावच्या वकिलांकडे दिली. ते म्हातारे, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे. सगळे कागद वाचून म्हणाले, "आता नवे साक्षीदार नाहीत. जे लिहून झालंय तेवढ्यावरच भांडायचं. आणि हो, निकाल लागेपर्यंत कुणाला काही द्यायचं नाही, कुणाच्या दारी जायचं नाही. दुसरीकडे आग लागली तर लांब उभं राहायचं. कळलं?"

मालक म्हणाले, "कळलं."

आणि आग लागलीच. पुढच्या वर्षी, खालच्या गल्लीतल्या आक्काची गंजी. आक्का म्हणजे एकटी म्हातारी, नवरा नाही, पोरगं नाही. दोन म्हशी आणि त्यांच्या दुधावर तिचं घर. भर दुपारी गंजी पेटली, बाजूच्या शेतात कुणी बांध पेटवला होता, तिथून जाळ आला. गाव धावलं, आग विझवली. मालकही धावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात उभी राहिले. नेहमी या वेळेला गल्लीतून पेंढ्या जाताना दिसतात. एकही गेली नाही. सूर्य वर आला, गुरं सुटली, बायका शेतात गेल्या. कुणाच्या डोक्यावर काही नव्हतं. मालक खळ्यावर गेले होते. मी मागोमाग गेले तर ते आमच्या गंजीसमोर उभे होते, एका पेंढीला हात लावून. मला पाहून हात काढून घेतला आणि म्हणाले, "वकील नही म्हणतात." मग गुरांचं शेण काढायला लागले.

शिक्षेच्या दिवशी मला जेवढा राग आला नव्हता तेवढा त्या सकाळी आला. माझ्या मालकांना दोन वर्षं दिली ती दिली. पण त्या निकालाने आमच्या सगळ्या गावाचे हात बांधले. जो देईल त्याने जाळलं, हे आता प्रत्येकाला पाठ झालं होतं.

मी आक्काला भेटले ती विहिरीवर. म्हटलं, "आक्का, कोणी दिधा नही?"

ती म्हणाली, "नही दिधा, माय. मी मांगू बी कशी? मी मांगसू, कोणीतरी देई, आन मंग तोच फसी. तुन्हा मालकनं देखं ना आम्ही."

महिन्याच्या आत एक म्हैस बाजारात गेली. एक राहिली, तीही बरगड्या दाखवत.

अपिलाची तारीख आली तेव्हा मालक म्हणाले, तू घरी राहा. मी गेले. पारोळ्याहून एसटी धरली, एरंडोलपर्यंत उभ्याने. जळगावच्या कोर्टात व्हरांड्यात बसून राहिलो. पुकारा झाल्यावर आत गेलो. खिडकीपाशी जागा मिळाली, तिथून बोलणं नीट ऐकू येत होतं.

आमच्या वकिलांनी एकेक गोष्ट घेतली. आवाज चढवला नाही, चष्माही कपाळावरून खाली आणला नाही. कॅन तपासायला पाठवला नाही, सील केला नाही, पंच म्हणतो सही ठाण्यात केली. पुतण्याचा जबाब फिर्यादीनंतर कितीतरी दिवसांनी घेतला. आणि आरोपीच्या खळ्याला दुसरा रस्ताच नाही. वरून जाणाऱ्या विजेच्या तारांची चौकशी झाली नाही, वायरमनला बोलावलं नाही. आग लागली की लावली, हेच आधी सिद्ध झालेलं नाही. मग ते थांबले, कागद उलटले आणि म्हणाले, "आता राहिला कडबा."

सरकारी वकील म्हणाले, "इतर लोकांनी दोन-चार पेंढ्या दिल्या असतील. पण ज्याच्याशी वैर आहे त्याला गाडीभर चारा कोण देतो, साहेब?"

आमचे वकील म्हणाले, "फिर्यादीची उलटतपासणी वाचतो, साहेब." आणि नानांचं ते वाक्य वाचलं. सगळ्या गावाने दिला. जजसाहेबांनी हात पुढे केला, तो कागद स्वतः घेऊन वाचला, आणि खालच्या निकालाची पानं पुढे-मागे केली. ते वाक्य शोधत असावेत. मला ओरडून सांगावंसं वाटलं की त्यात ते नाही, साहेब, मी घरी किती वेळा शोधलं आहे. मी पदराचं टोक दातात धरून बसले.

निकाल नंतरच्या तारखेला लागला. जजसाहेब भरभर बोलले. अपील मंजूर, शिक्षा रद्द. वकिलांनी बाहेर आल्यावर सांगितलं, "पुराव्यांची साखळी जुळत नाही म्हटलंय. आणि कडब्याबद्दल स्पष्ट लिहिलंय, गावाच्या रीतीने दिलेल्या मदतीवरून अपराध धरता येत नाही. संशयाचा फायदा देऊन निर्दोष सोडलं."

मालकांनी त्यांचे पाय धरले. मी मनात म्हटलं, संशयाचा फायदा? माझ्या घरातलं माणूस चोरासारखं फिरलं, आक्काची म्हैस गेली, नानीची नि माझी एक साडी दोन झाली, आणि याला फायदा म्हणतात. सरळ म्हणायचं ना, की हा माणूस बैलांसाठी चारा घेऊन गेला होता. पण मालकांचा चेहरा पाहिला. शिक्षा झाल्यापासून ते इतके ताठ चालले नव्हते. मी त्यांच्या मागोमाग एसटीकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दारात बैलगाडी येऊन थांबली. नाना. गाडीत कडबा भरलेला. आम्ही दिला होता दादरचा, हा होता हायब्रीडचा, जाड, बेचव ताटांचा. पण गाडी मात्र काठोकाठ भरलेली. गल्लीतले लोक ओट्यावर येऊन उभे राहिले.

नाना गाडीवरूनच म्हणाले, "हाऊ तुमना चारा परत लयी उनू. आते तुमनं आमनाकडे काही नही. फिटनं."

मालक अंगणात उभे होते. त्यांची मान खाली होती. मला दिसलं की ते हो म्हणणार आहेत. दोन माणसं पेंढ्या उतरवायला पुढे झालीसुद्धा.

मी दारातून बाहेर आले. लग्न होऊन आले तेव्हापासून मी नानांसमोर एक शब्द बोलले नव्हते. पदर डोक्यावर होता, पण आवाज निघाला. वकिलांना जो दिसला नव्हता तो.

"उतारू नका."

सगळे थांबले. मालकांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"नाना, आम्ही तो उसना दिधा नव्हता. आगना चारा कोणी परत देस का? आज आम्ही हाऊ लिधा, ते तो दंड भरना व्हता असं व्हई जाई. आम्ही दंड भरेल नही."

नाना म्हणाले, "मंग मी काय करू याचं?"

"आक्काकडे लयी जा. तिले कोणी दिधा नही. तुमनापायी दिधा नही. तिन्ही एक म्हैस गयी, दुसरी जावाना आधी नेऊन टाका."

ओट्यावरून कुणीतरी खाकरलं. नाना कासरा धरून बसून राहिले. त्यांच्या मागे नानी उभी होती, ती कधी आली मला कळलं नाही. तिने गाडीच्या कडेला हात लावला आणि नवऱ्याला म्हणाली, "हाक. देखत काय बसनात?" गाडी वळली आणि खालच्या गल्लीकडे गेली. नानी माझ्याशी बोलली नाही. मीही बोलले नाही. मी काही त्यांना माफ केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतून पेंढ्या जाताना दिसल्या. आधी एक सायकल, मग एक मोटारसायकल, मग आबांकडचा गडी. उशिरा का होईना, आक्काकडे. एक गाडी पुढे गेल्यावर सगळ्यांच्या पायात जोर आला. मला याचाही रागच आला.

मालक खळ्यावर गेले होते. मी गेले तर ते मोटारसायकलीला पेंढ्या बांधत होते. एक, दोन, तीन, चार. पाचवी बांधली आणि दोर आवळला.

मी म्हटलं, "गाडी जुंपा ना."

ते म्हणाले, "नको. बठ्ठा जितला देतस तितलाच." आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

त्या माणसाने जन्मात कधी पेंढ्या मोजल्या नव्हत्या. कोर्टाने त्यांना सोडलं, पण जे मोजायला शिकवलं ते परत घेतलं नाही.

मी गंजीवरून पेंढ्या ओढल्या, चुंबळ केली, भारा डोक्यावर घेतला आणि भर गल्लीतून, चौकातून, गिरणीसमोरून आक्काच्या खळ्यावर गेले. टाकला आणि परत आले. परत भारा घेतला. लोक बघत होते. बघू द्या. ऊन चढेपर्यंत मी जात राहिले, येत राहिले. किती खेपा केल्या, किती पेंढ्या टाकल्या, मला सांगता येणार नाही. मी मोजल्या नाहीत.